व्यायाम बदलायचा, पण त्याचं काम कोण करणार?

प्रश्न: ताई, माझं वय 39. सात महिन्यांपूर्वी वजनं उचलायला सुरुवात केली. एक तयार प्रोग्रॅम घेतला. आठवड्यातून तीन दिवस, दोन प्रकारचे दिवस आलटून पालटून. एका दिवशी स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन बसणं-उठणं), बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून बार वर ढकलणं) आणि बारबेल रो (पुढे वाकून बार पोटाकडे ओढणं), दुसऱ्या दिवशी स्क्वॉट, ओव्हरहेड प्रेस (उभं राहून बार डोक्यावर ढकलणं) आणि डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलून उभं राहणं). एका दमात पाच वेळा, म्हणजे पाच रिप्सचा एक सेट; असे पाच सेट, डेडलिफ्टचा फक्त एक. जमलं की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवायचे. रिकाम्या 20 किलोच्या बारपासून स्क्वॉट 55 किलोवर आला, डेडलिफ्ट 70 वर. ओव्हरहेड प्रेस मात्र दोन महिने 25 किलोवरच अडलाय. स्क्वॉटमध्ये मी फार पुढे झुकते, मांड्यांआधी कंबर दमते. बेंच करताना उजव्या खांद्यात पुढच्या बाजूला चमक येते. मला स्पर्धेत उतरायचं नाही. पाठीवर सॅक घेऊन डोंगर चढायचा आहे आणि उतरताना मांड्या लटपटायला नकोत. शिवाय एकदा तरी स्वतःच्या बळावर पुल-अप मारायचा आहे, म्हणजे बारला लटकून हनुवटी तिच्या वर न्यायची आहे. काही जण म्हणतात, प्रोग्रॅमला हात लावू नकोस. काही म्हणतात, शरीराला सवय होऊ देऊ नकोस, सारखं बदलत राहा. गेल्या सहा आठवड्यांत मी तीनदा बदल केले आणि आता आपण नेमकं काय करतोय तेच कळेनासं झालंय. काय ठेवू, काय काढू?

उत्तर: "मला स्पर्धेत उतरायचं नाही" हे वाक्य तुम्ही पत्राच्या ओघात सहज लिहून गेलात. मी तिथेच थांबले. कारण तुमचा प्रोग्रॅम ज्यांच्याभोवती उभा आहे ते स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट हे पॉवरलिफ्टिंग या खेळाचे तीन प्रकार आहेत. तिन्हींत मिळून किती किलो उचलले यावर तिथे निकाल लागतो, त्यामुळे त्या खेळाडूला यातला एकही टाळता येत नाही. ओव्हरहेड प्रेसचंही तसंच. 1972 पर्यंत प्रेस हा ऑलिंपिक वेटलिफ्टिंगमधला तिसरा प्रकार होता. खेळाडू इतके मागे वाकून वजन ढकलू लागले की कुठलं उचलणं ग्राह्य धरायचं हे पंचांना ठरवता येईना. त्या वर्षीच्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो प्रकार काढून टाकला, स्नॅच (वजन एका झटक्यात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यांवर, मग डोक्यावर) हे दोनच उरले, आणि वेटलिफ्टरांच्या सरावातलं प्रेसचं महत्त्वही ओसरलं. व्यायाम तोच होता, शरीरंही तीच होती. गरज बदलली, म्हणून सराव बदलला.

तुमची गरजही वेगळी आहे, म्हणून तुम्ही बदल करायला मोकळ्या आहात. हे व्यायाम वाईट आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. एका हालचालीत शरीराचा मोठा भाग कामाला लागतो आणि वजन थोडंथोडं वाढवता येतं, म्हणून नवख्या माणसासाठी याहून चांगली सुरुवात क्वचितच मिळेल. पण सुरुवात झाली. सात महिने झाले.

"हात लावू नकोस" म्हणणाऱ्यांचं म्हणणं पहिल्या काही महिन्यांपुरतं अगदी बरोबर असतं, त्यामागचं कारण समजून घ्या. नवा व्यायाम सुरू केला की पहिल्या काही आठवड्यांत जे किलो वाढतात, त्यातला मोठा वाटा स्नायूंपेक्षा मेंदूचा आणि मज्जातंतूंचा असतो. कुठला स्नायू कधी आवळायचा, कुठला सैल सोडायचा, तोल कुठे ठेवायचा, हे शरीर शिकत असतं. म्हणून नवा व्यायाम दर वेळी झपाट्याने सुधारतोय असं वाटतं आणि जुना रेंगाळतोय असं. जो दर दोन आठवड्यांनी व्यायाम बदलतो तो कायम या शिकण्याच्या टप्प्यातच राहतो. रोज काहीतरी नवीन जमल्याचा आनंद मिळतो, पण स्नायूला वाढायला भाग पाडेल इतकं वजन कुठल्याच व्यायामात हाती येत नाही. सहा आठवड्यांत तीन बदल केल्यावर तुमचं हेच झालं आहे. तुम्ही मागे गेलेल्या नाहीत. पुढे गेलात की नाही हे मोजायला एकही पट्टी तुम्ही जागेवर ठेवली नाही, एवढंच.

म्हणून मी सुचवते तो बदल एकदाच करायचा, पण नीट विचार करून, आणि मग किमान आठ आठवडे त्याला शिवायचं नाही.

प्रोग्रॅमकडे व्यायामांच्या नावांनी बघू नका, कामांनी बघा. गुडघे वाकवून खाली जाणं आणि उठणं हे एक काम. कमरेतून वाकून जमिनीवरचं उचलणं हे दुसरं. हातांनी पुढे ढकलणं, डोक्यावर ढकलणं, समोरून स्वतःकडे ओढणं, वरून खाली ओढणं, एका पायावर शरीर तोलणं, ओझं घेऊन चालणं. आता तुमचा प्रोग्रॅम समोर घ्या आणि यातलं कुठलं काम कोण करतंय ते लिहा. गुडघे वाकवण्याचं काम आठवड्यातून तीनदा आहे. पुढे ढकलण्याचं आहे, वर ढकलण्याचं आहे, समोरून ओढण्याचं आहे. वरून खाली ओढण्याचं काम कुठेच नाही. एका पायाचं काही नाही. ओझं घेऊन चालणंही नाही. तुम्हाला पुल-अप हवा आहे आणि सात महिन्यांत तुम्ही वरून खाली ओढण्याचा एकही सेट केलेला नाही! तो येत नाही यात तुमच्या ताकदीचा दोष नाही.

हीच कसोटी बदल करतानाही लावायची. एखादा व्यायाम काढण्याआधी विचारायचं, याचं काम आता कोण करणार? उत्तर मिळालं तर खुशाल काढा. आणि ते काम मुळात मला हवंच नसेल, तर त्याच्या जागी काही न आणताही तो काढता येतो.

आता स्क्वॉट. पुढे झुकण्याबद्दल तुम्ही अपराध्यासारखं लिहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. बार खांद्यांवर असताना ती पावलाच्या मध्यावर उभ्या रेषेत राहावी लागते, नाहीतर तोल जातो. मांडीचं हाड धडाच्या मानाने लांब असेल तर खाली बसताना पार्श्वभाग जास्त मागे सरकतो आणि तोल साधायला धड पुढे येतंच. त्यात घोटा कमी वाकत असेल तर गुडघा पुढे जात नाही आणि झुकाव आणखी वाढतो. "छाती वर ठेव" असं कुणी कितीही ओरडलं तरी हाडांची लांबी बदलत नाही.

यातलं तुमचं कारण कुठलं हे पाच मिनिटांत कळेल. रिकामी बार घेऊन पाच स्क्वॉट काढा आणि कुणाला तरी बाजूने, कमरेच्या उंचीवरून व्हिडिओ घ्यायला सांगा. मग सपाट जमिनीवर दोन्ही टाचांखाली सव्वा किलोची एकेक छोटी प्लेट ठेवा, ती हलत नाही याची खात्री करा आणि पुन्हा पाच काढा. दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवून बघा. दुसऱ्यात धड लक्षात येण्याइतकं सरळ झालं असेल तर अडचण मुख्यतः घोट्याची आहे, आणि टाच उंच असलेले लिफ्टिंगचे बूट किंवा टाचेखालची फळी एवढ्याने काम भागेल. फारसा फरक दिसला नाही, तर तुमची ठेवणच तशी आहे. तशा ठेवणीची माणसं डेडलिफ्टमध्ये बहुधा सुखी असतात. तुमचेही आकडे तेच सांगताहेत.

पण तुमच्या बाबतीत त्याहून मोठा मुद्दा वेगळा आहे. तुम्हाला मांड्या हव्यात आणि सेट संपतो कंबर दमते म्हणून. याचा अर्थ मांड्यांना पुरेसं काम मिळण्याआधीच तुम्ही बार रॅकवर ठेवताय. अशा वेळी वजन छातीपाशी आणलं की प्रश्न सुटतो. वजन पुढच्या बाजूला असताना धड सरळ ठेवल्याशिवाय ते धरताच येत नाही, आणि काम आपोआप मांड्यांच्या पुढच्या स्नायूंकडे जातं. गॉब्लेट स्क्वॉटने सुरुवात करा, म्हणजे एक डंबेल उभं धरून, दोन्ही तळहातांवर पेलून, छातीला चिकटवून. कोपरं गुडघ्यांच्या आतून खाली गेली पाहिजेत. डंबेल बऱ्यापैकी जड झालं की पायांआधी हात दमायला लागतात. तेव्हा फ्रंट स्क्वॉटकडे वळा, म्हणजे बार खांद्यांच्या पुढच्या बाजूला घेऊन. 55 किलो पाठीवर पेलत होते म्हणून पुढेही तेवढेच पेलीन असं मात्र धरून चालू नका. 25-30 किलोंपासून सुरू करा. मनगटं दुखली तर हात छातीवर आडवे घेऊन बार धरता येते, तेही योग्यच आहे.

उतरणीचा प्रश्न मात्र स्क्वॉट एकटा सोडवू शकत नाही. डोंगर चढताना दम लागतो, पण मांड्यांची खरी परीक्षा उतरताना होते. प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकसारखं काम करतो, म्हणजे तो ताणला जात असतानाच जोर लावत असतो, तेही एका वेळी एका पायावर, शरीराचं आणि सॅकचं मिळून सगळं वजन घेऊन. स्नायूला दुखवणारं, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आठवण करून देणारं काम हेच. म्हणून सरावही तसाच हवा.

एक पायरी घ्या, साधारण 20 सेंटिमीटर उंचीची. उजवा पाय पायरीवर, डावा हवेत. आता उजवा गुडघा वाकवत डावी टाच जमिनीकडे न्या, मनात तीन आकडे मोजत. टाच जमिनीला अशी टेकायला हवी की खोलीत झोपलेलं मूल जागं होणार नाही. धप्प आवाज आला तर शेवटच्या दोन इंचांत तुम्ही पाय सोडून दिला, आणि उतरणीवर मांड्या लटपटतात त्या नेमक्या याच दोन इंचांत. गुडघा आत वळू देऊ नका, तो पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने राहू दे. दोन्ही पायांनी आठ-आठ, असे तीन सेट. सुरुवातीला वजन नको. तीन आठवड्यांनी सॅकमध्ये पाच किलो टाका, मग हळूहळू वाढवा.

पहिल्या खेपेनंतर दोन दिवस चांगलंच दुखेल, घाबरू नका. या प्रकारच्या कामाचं वैशिष्ट्य असं की एकदा ते झेललं की पुढच्या वेळी तेच काम करून स्नायू खूपच कमी दुखतो, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून मोठ्या डोंगराच्या आदल्या आठवड्यात नव्हे, महिनाभर आधी हे सुरू झालेलं असायला हवं.

याच्या जोडीला मागचा पाय बाकावर ठेवून करायचा बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट. तो कठीण आहे, कुणालाच आवडत नाही, आणि तुमच्या ध्येयाला त्याच्याइतका उपयोगी व्यायाम मला दुसरा ठाऊक नाही.

मांडीच्या मागच्या बाजूचंही बघायला हवं. स्क्वॉटने सगळा पाय तयार होतो असं सर्रास सांगतात, पण हॅमस्ट्रिंगच्या बाबतीत ते खरं नाही. हे स्नायू बसताना टेकतं त्या हाडापासून निघतात आणि त्यातले बहुतेक कंबर आणि गुडघा हे दोन्ही सांधे ओलांडून जातात. स्क्वॉटमधून उठताना कमरेच्या बाजूने ते आखडतात आणि गुडघ्याच्या बाजूने लांबतात. एकूण लांबी जवळपास तेवढीच राहते, त्यामुळे त्यांना वाढण्याचं कारणच मिळत नाही. त्यासाठी रोमानियन डेडलिफ्ट घ्या. गुडघे किंचित वाकलेले ठेवून, पार्श्वभाग मागे ढकलत, बार मांड्यांना घासत गुडघ्यांच्या जरा खालीपर्यंत न्यायची आणि परत यायचं. 1984 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेला रोमानियाचा वेटलिफ्टर निकु व्लाद हा व्यायाम करताना अमेरिकेतल्या लोकांनी पाहिला आणि नाव माहीत नसल्यामुळे त्याच्या देशाचं नाव त्याला चिकटलं, असं सांगतात. तो वेटलिफ्टर हा व्यायाम स्नॅच आणि क्लीनसाठी पाठ-पाय मजबूत करायला करत होता. तुम्ही तो सॅक घेऊन चढण्यासाठी कराल.

साधा डेडलिफ्ट काढू नका. तुमच्या प्रोग्रॅममधला तोच मला सर्वांत मोलाचा वाटतो. जमिनीवरची जड सॅक उचलून पाठीवर घेण्याची ताकद तिथूनच येते. फक्त एकाच जड सेटऐवजी 60 किलोंवर पाचाचे तीन सेट करा, आठवड्यातून एकदा.

खांद्याबद्दल आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, हात वर न्यायला जोर पुरत नसेल, बोटांपर्यंत मुंग्या किंवा बधिरपणा जात असेल, किंवा धडपडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तर हे सदर बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. यातलं काही नसेल आणि चमक फक्त बेंचवरच येत असेल, तर बेंच काढून टाका. तुम्हाला तो कशासाठीच लागत नाही.

त्याचं काम, म्हणजे पुढे ढकलणं, पुश-अप करेल. बेंचवर पाठीखाली खांद्याची फरी दाबलेली असते आणि हात बारला खिळलेले असतात. पुश-अपमध्ये फरी मोकळी फिरते, बऱ्याच दुखऱ्या खांद्यांना ते मानवतं. जमिनीवर जमत नसेल तर गुडघे टेकू नका. रॅकमध्ये बार कमरेच्या उंचीवर लावा, तिच्यावर हात ठेवा आणि शरीर फळीसारखं ताठ ठेवून पुश-अप काढा. बारा जमले की बार एक खाच खाली. अशी खाचेखाचेने बार जमिनीपर्यंत येते आणि प्रगती डोळ्यांना दिसते. कोपरं खांद्याच्या रेषेत फाकवू नका, धडापासून साधारण 45 अंशांवर ठेवा. व्यायाम करताना किंचित जाणवलं आणि दुसऱ्या सकाळी खांदा होता तसाच असला तर चालू ठेवा. सकाळी जास्त दुखला तर तो प्रकार, तेवढी खोली किंवा तेवढं वजन आज तरी तुमच्यासाठी नाही.

ओव्हरहेड प्रेस का अडला याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. 70 किलोंच्या डेडलिफ्टवर अडीच किलो म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढ. 25 किलोंच्या प्रेसवर तेच अडीच किलो म्हणजे दहा टक्के. दर खेपेला दहा टक्के ताकद कुणाचीच वाढत नाही. नियम सगळ्या व्यायामांना एकच लावला, ही प्रोग्रॅमची चूक आहे, तुमची नाही. आता असं करा. दोन डंबेल घ्या, तळहात एकमेकांकडे ठेवा, खांद्यालाही ते सोपं जातं. आठ रिप्स जमतील ते वजन निवडा. तिन्ही सेटमध्ये दहा-दहा होईपर्यंत वजन वाढवायचंच नाही, रिप्स वाढवायच्या. झाल्या की पुढचं डंबेल आणि पुन्हा आठ. डेडलिफ्ट सोडून वजनाच्या सगळ्या व्यायामांना आधी रिप्स, मग वजन हाच नियम लावा. पाचच रिप्स पाहिजेत असं बंधन नाही. स्नायू पाच रिप्सनीही वाढतो आणि वीसनीही, अट एवढीच की सेट संपताना आणखी दोन-तीनच जमल्या असत्या इतपत तो अवघड असावा. मोठ्यात मोठं वजन एकदा उचलायचं असेल तर मात्र जड वजनांची सवय लागते. तुमचं ते ध्येय नाही.

वजन जमेल तसं वाढवत न्यायचं, ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन लष्करातले डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या पायांत ताकद परत आणताना बसवली. दहा रिप्स जमतील ते वजन शोधायचं, पहिला सेट त्याच्या निम्म्याने, दुसरा पाऊण वजनाने, तिसरा पूर्ण. त्यातले पहिले दोन टप्पे मी आजही वॉर्मअप म्हणून सगळ्यांकडून करून घेते, फक्त पाच-पाच रिप्स. तुम्हीही दिवसाच्या पहिल्या व्यायामाआधी तेवढं करा.

आता पुल-अप. सुरुवात चिन-अपने करा, म्हणजे तळहात स्वतःकडे. त्यात दंडाच्या स्नायूंची मदत जास्त मिळते आणि बहुतेकांना तोच आधी येतो. व्यायामाच्या सुरुवातीला, ताज्या असताना करा. दमल्यावर शेवटी उरकायची गोष्ट नाही ही, तुमचं मुख्य ध्येय आहे.

बाकावर चढा, हनुवटी बारच्या वर येईल असं स्वतःला तिथे आणा आणि पाय सोडा. आता पाच आकडे मोजत खाली या. पहिले दोन आकडे जातील, कोपरं काटकोनात येतील आणि तिथून पुढे तुम्ही धाडकन खाली घसराल. सगळ्यांचं तसंच होतं. ती घसरण जिथे सुरू होते तिथे पुढच्या वेळी एक क्षण थांबायचा प्रयत्न करा. खाली पूर्ण लोंबकळल्यावर हात न वाकवता फक्त खांदे कानांपासून दूर ओढा, दोन सेकंद धरा, सोडा. वर जाण्याची पहिली हालचाल हीच असते. अशी एक उतराई म्हणजे एक सेट. एका दिवशी चार, आठवड्यातून दोनदा. हुरूप आला म्हणून दहा करू नका. कोपराच्या आतल्या बाजूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) स्नायूपेक्षा हळू तयार होतो आणि एकदा दुखावला की महिनोन्‌महिने सतावतो. माझ्याकडे सराव करणाऱ्या एका बाईंचा पुल-अप केवळ या घाईमुळे चार महिने लांबला. तेव्हा मी त्यांना वेळीच थांबवायला हवं होतं.

रबर बँडच्या आधाराने पुल-अप करायचा सल्ला तुम्हाला मिळेलच. वाईट नाही, पण बँड सर्वांत जास्त ताणलेला असतो तो तुम्ही अगदी खाली असताना, म्हणून तिथेच सर्वांत जास्त मदत करतो आणि वर जाल तशी मदत आटत जाते. म्हणून मी उतराईवर आणि मशिनवरच्या लॅट पुल-डाउनवर (बसून, वरचा दांडा छातीकडे खाली ओढणं) जास्त भर देते. पुल-डाउन आठवड्यातून एकदा, सहा ते आठ रिप्सचे तीन सेट. दहा आकड्यांची उतराई सलग तीनदा जमली की त्या आठवड्यात खालून वर जायचा प्रयत्न करून बघा.

शरीराचं वजन कमी झालं की पुल-अप सोपा होतो, हे खरं. पण ताकद वाढवायच्या या महिन्यांत मुद्दाम कमी खाऊ नका. तुम्हाला डोंगरही चढायचा आहे.

म्हणजे आठवडा असा दिसेल. पहिल्या दिवशी चिन-अपच्या उतराया, मग गॉब्लेट किंवा फ्रंट स्क्वॉट, मग पुश-अप, आणि शेवटी दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन 30-40 पावलांच्या तीन फेऱ्या. दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट, पुल-डाउन, डंबेलचा ओव्हरहेड प्रेस आणि पायरीवरून उतरणं. तिसऱ्या दिवशी पुन्हा उतराया, मग बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट आणि रो. रो करताना कंबर दमली असेल तर बाकावर पालथं टेकून करा. मुख्य व्यायामांत दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं थांबा, घड्याळ लावून. घाईत घेतलेला सेट पुढच्या सेटचे रिप्स खातो.

मधल्या दिवसांत चाला, चढणीवर चाला, सॅक घेऊन जिने चढा. चालण्याने ताकद जाते असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर त्याचं मूळ संशोधक रॉबर्ट हिकसन यांच्या 1980 च्या प्रयोगात आहे. त्यात वजनांचा आणि दमाचा असा दोन्ही प्रकारचा व्यायाम एकत्र करणाऱ्या लोकांची ताकद काही आठवड्यांनंतर वाढायची थांबली होती. पण ते लोक आठवड्यातून पाच दिवस वजनं आणि सहा दिवस जोरदार धावणं-सायकल करत होते. तुमच्या दोन-तीन चालण्यांना ती भीती लागू नाही. आणि कितीही स्क्वॉट केले तरी सहा तास चालण्याचा दम फक्त चालूनच येतो.

वही ठेवा. तारीख, व्यायाम, वजन, रिप्स, आणि खांदा कसा होता याबद्दल एक शब्द. आठ आठवड्यांच्या आत बदल करायचा तर दोनच कारणांसाठी: दुसऱ्या सकाळपर्यंत टिकणारं दुखणं, किंवा झोप आणि खाणं नीट असूनही सलग तीन आठवडे एकाही सेटमध्ये एकही रिप न वाढणं. त्या वेळीही फक्त तोच व्यायाम बदला, तेच काम करणाऱ्या दुसऱ्या व्यायामाने, बाकी सगळं जसंच्या तसं. कंटाळा आला तर रोची पकड बदला, सॅक घेऊन वेगळ्या वाटेने चाला, पण स्प्लिट स्क्वॉट नकोसा होतो म्हणून तो मात्र बदलू नका.

पहिल्या आठवड्यात सगळी वजनं हलकी वाटतील अशी घ्या, मांड्यांना पायरीच्या व्यायामाचं दुखणं पचवायचं आहे. आणि त्या आठवड्यात एकदा चिन-अपची उतराई घड्याळ लावून मोजा. जो आकडा येईल, दोन सेकंद असले तरी, तो वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. आठ आठवड्यांनी मला तो आणि तेव्हाचा, दोन्ही कळवा.